हो म्हणा, नाही म्हणा, पण कागदावर म्हणा

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसी आणि शिवाजी उद्यमनगरातले समस्त कारखानदार

मालक, सप्रेम नमस्कार.

मी टाइम ऑफिसातला, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणारा माणूस. गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला जी खोली लागते, पहिल्या पाळीच्या आधी जिच्या खिडकीशी पोरं घोळका करून उभी असतात, तिथं मी 31 वर्षं बसलो. आधी हातानं भरायचं मस्टर होतं, मग पंचिंग कार्ड आलं, मग अंगठ्याचं मशीन. वाळू आणि ग्राइंडरनं बोटं घासलेल्या फेटलिंगवाल्यांचा (ओतीव जॉब घासून साफ करणाऱ्यांचा) अंगठा ते मशीन घेतच नसे, त्यांच्यासाठी पुन्हा मस्टर काढावं लागलं. आता निवृत्त होऊन बरेच दिवस झालेत. कुणाच्या पगारावर नाही, कुठल्या युनियनचा नाही. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतोय.

माझ्या नोकरीत मी एक पत्र शेकडो वेळा टाइप केलं: प्रोबेशन, म्हणजे कायम करण्याआधीची पारखायची मुदत, वाढवल्याचं. आधी टाइपरायटरवर कार्बन घालून, नंतर कॉम्प्युटरवर. फक्त नाव आणि तारीख बदलायची. 'आपणांस कळविण्यात येते की, आपला परिविक्षा कालावधी दि. अमुकपासून पुढील सहा महिन्यांकरिता वाढविण्यात येत आहे. लेखी आदेशाद्वारे कायम केल्याखेरीज आपण स्वतःस कायम समजू नये.' खाली सही, शिक्का. कारण लिहायला जागाच नव्हती. सुरुवातीला एकदा मी साहेबांना विचारलं होतं, कारणाची एक ओळ घालू का म्हणून. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "कारण असतं तर काढूनच टाकलं असतं की."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणजे ज्या पोराविरुद्ध बोलायला काही नाही, त्यालाच आपण लटकवत होतो.

पहिली मुदतवाढ मला स्वतःला मिळाली होती, हेही सांगतो. 1992 साली सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो. सहा झाले, बारा झाले, पत्राचा पत्ता नाही. दिवाळीला मिठाईचा डबा मिळायचा, बोनसच्या यादीत नाव नसायचं. शेवटी धीर करून मालकांच्या केबिनमध्ये गेलो. मालक भला माणूस. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "तू तर आपलाच की रे. आपल्या माणसाला कागद कशाला लागतो?" मी खूश होऊन बाहेर आलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आपला हाय तर मग लिहून द्यायला काय जातंय त्यास्नी?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. कोल्हापुरात आपलेपणाला तोटा नाही, मालक. पण त्या आपलेपणावर बँक कर्ज देत नाही, आणि मालकांचे चिरंजीव खुर्चीवर बसले की जुन्या मालकांनी कुणाला आपलं म्हटलं होतं, ते कुठल्याही फाइलीत सापडत नाही. मला पत्र मिळालं तेव्हा नोकरीला दोन वर्षं होऊन गेली होती.

बोनसचं आलंच आहे तर सांगून टाकतो. तेव्हाच्या बोनस कायद्यात वर्षाला 30 दिवस काम केलं की माणूस पात्र व्हायचा. प्रोबेशनवर आहे म्हणून वगळायची सोय त्यात नव्हती. प्रॉव्हिडंट फंडही पहिल्या दिवसापासून कापायचा असतो. हे मला 1992 साली माहीत नव्हतं, पुढं माहीत झालं, आणि माहीत झाल्यावरही मी डबेच वाटले. त्यामुळं हे पत्र लिहिताना मी काही फार उंचावरून बोलत नाही.

आता ज्या पोरासाठी लिहायला बसलो त्याचं सांगतो. नाव सांगत नाही, कारखान्याचंही नाही. प्रयाग चिखलीकडचा. कळंब्याच्या आयटीआयमधून टर्नर होऊन आलेला, मशिन शॉपला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर लागला. फेब्रुवारी 2019 ची भरती. पहाटे घरच्या दोन म्हशींची धार काढून, डेअरीला दूध घालून हा साडेसहाला गेटवर हजर. पहिल्या पाच महिन्यांत एकच खाडा, तोही चुलत्याच्या मयताचा. मशीन लावून देणारा सेटर रजेवर गेला की हा स्वतः ऑफसेट (हत्याराची मापं) घालून पहिला जॉब काढायचा, व्हर्निअर लावून दोनदा बघायचा आणि मगच पुढं चालवायचा. हे मला त्याच्या सुपरवायझरनंच सांगितलं होतं. लिहून मात्र ठेवलं नव्हतं, कारण लिहायचं कुठं हेच कुणी ठरवलं नव्हतं.

त्याचे सहा महिने ऑगस्टमध्ये भरत होते. 2019 चा ऑगस्ट कोल्हापूरकराला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं पडली होती, चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीतून बाहेर काढली जात होती, आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली होता. ट्रकच्या रांगा लागल्या होत्या. पोरगं अकरा दिवस आलं नाही. बाराव्या दिवशी आलं ते पायात स्लीपर घालून, कारण बूट वाहून गेले होते. प्लास्टिकच्या पिशवीत आयटीआयचं सर्टिफिकेट गुंडाळून आणलं होतं. मला म्हणाला, "दादा, हे तेवढं तुमच्या कपाटात ठेवा. घरात अजून चिखल हाय."

त्याच आठवड्यात मी त्याचं मुदतवाढीचं पत्र टाइप केलं. या वेळी कारण होतं! 'उपस्थिती समाधानकारक नसल्याने.' मस्टरवर अकरा लाल फुल्या होत्या, त्या मीच मारल्या होत्या. त्यानं पत्र वाचलं, घडी घातली आणि सही केली. माझ्याशी भांडला असता तर बरं वाटलं असतं.

पुढं जानेवारीत एक पाहुणा गेटवर आला. डोक्याला पांढरी टोपी, हातात पिशवी. पोराची सोयरीक बघत होते, मुलीचा मामा चौकशीला आला होता. हे आपल्याकडं चालतंच; टाइम ऑफिसवाल्याला अशा किती जणांच्या लग्नाची साक्ष द्यावी लागते, ते तुम्हाला कळायचं नाही. मी सांगितलं, पोरगा निर्व्यसनी आहे, कामाला वाघ आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "आन् कायम हाय का?" मी म्हणालो, "होईल की." मामानं माझ्याकडं बघितलं. त्या माणसाची हयात बाजारात बैल पारखण्यात गेली असणार. 'होईल की' म्हणजे काय ते त्याला बरोबर कळलं. सोयरीक मोडली.

फेब्रुवारीत दुसरी मुदत भरली तेव्हा साहेब म्हणाले, मार्चएंड होऊ दे, मग बघू. मार्चएंडच्या आधीच लॉकडाऊन लागला. जूनमध्ये कारखाना सुरू झाला तेव्हा त्याला फोन गेला, पण आमच्या मस्टरवर नाही, कंत्राटदाराच्या मस्टरवर. तेच मशीन, तोच स्टूल, त्याच पाळ्या. फक्त कार्डाचा रंग बदलला. काही महिन्यांनी तो चाकणला गेला. आजही तिकडंच आहे. तुम्ही सभा-समारंभांत तळमळीनं विचारता ना, की कोल्हापूरचं तयार पोरगं पुण्याला का पळतं?

कायदा मी शिकलो तो टाइम ऑफिसातल्या पिवळ्या पडलेल्या पुस्तकांतून आणि लेबर कोर्टात साक्षीला जाऊन. माझ्या नोकरीच्या काळात महाराष्ट्रात 50 कामगारांच्या वरच्या कारखान्याला आदर्श स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे सरकारी नियम लागू होते. त्यात प्रोबेशन तीन महिन्यांचं. तीन महिने सलग भरले की सात दिवसांच्या आत व्यवस्थापकानं लेखी हुकूम काढून कायम करायचं. काम पटलं नसेल तर मुदत संपल्यावर काढायची मुभा. तुम्ही स्वतःचे स्थायी आदेश प्रमाणित करून घेतले असतील तर मुदत जास्त असू शकते, पण तीही संपली की पुन्हा तेच सात दिवस. मधल्यामध्ये लटकवायची तरतूद त्यात मला कुठं सापडली नाही. आमच्याकडं सहा अधिक सहा अधिक 'मग बघू' चालायचं, आणि भिंतीवर ते स्थायी आदेश फ्रेम करून लावलेले होते. काचेवर भट्टीची काजळी बसलेली. वाचणार कोण?

मग 240 दिवसांचा खेळ. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या 25-ब कलमानुसार बारा महिन्यांत 240 दिवस भरले की वर्षाची सलग सेवा धरायचे, आणि मग 25-फ नुसार एक महिन्याची नोटीस आणि नुकसानभरपाई दिल्याशिवाय माणसाला कामावरून कमी करता येत नव्हतं. हे टाळायला 230 च्या आसपास मी मस्टरवर पेन्सिलनं बारीक टिंब करायचो. टिंब दिसलं की साहेब त्या माणसाला आठ-दहा दिवसांचा ब्रेक द्यायचे. गंमत म्हणजे आमचा हिशेबच चुकीचा होता. आम्ही रविवार सोडून मोजायचो. रविवार आणि पगारी सुट्ट्याही धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 सालीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे आमचं टिंब पडायच्या आधीच कित्येकांचे 240 होऊन गेलेले असायचे. एका खटल्यात वकिलानं ते माझ्याच तोंडून वदवून घेतलं तेव्हा साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बरं, कामगाराची चूक नसताना काम थांबलं तर सेवा तुटली असं धरायचं नाही, हेही त्याच 25-ब मध्ये होतं. पूर काय त्या पोरानं आणला होता?

तुमचे सल्लागार पत्रात ती शेवटची ओळ का घालतात, हेही मला उशिरा समजलं. 1968 साली पंजाबच्या शिक्षण खात्यातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी म्हटलं होतं की, नियमानं प्रोबेशनची कमाल मुदत ठरवली असेल आणि ती उलटूनही माणसाला कामावर ठेवलं असेल, तर तो कायम झाला असंच धरावं लागेल. ते टाळायला ही ओळ, 'लेखी आदेशाद्वारे कायम केल्याखेरीज'. आपल्याच राज्यात खासगी शाळांच्या 1977 च्या कायद्यात ठरलेलं प्रोबेशन समाधानकारक पार पडलं की शिक्षक कायम झाला असं मानलं जातं, वेगळ्या पत्राची वाट बघावी लागत नाही. मास्तरला आहे ते वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डरला का नसावं?

आता तर काळ आणखी बदललाय. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्रानं चार कामगार संहिता लागू केल्या. त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं मालकाची जबाबदारी झाली, हे चांगलं झालं. पण स्थायी आदेशांची अट गेली 300 कामगारांवर. उद्यमनगरातल्या किती शेडमध्ये 300 माणसं आहेत, मालक? म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन महिने आणि सात दिवस सांगणारा कागदच भिंतीवरून उतरणार. म्हणून हे पत्र सरकारी कामगार अधिकाऱ्याला न लिहिता तुम्हाला लिहितोय. आता जे काही व्हायचं ते तुमच्या मनावर आहे.

तुमची बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. ट्रॅक्टरच्या ऑर्डरी आटल्या की अर्ध्या भट्ट्या गार होतात. विजेचं बिल बघून भले भले गप होतात. पोरगं शिकवून तयार करावं आणि दोन हजार जास्तीसाठी त्यानं शेजारच्या शेडमध्ये जावं, हेही मी बघितलंय. एकानं तर सकाळी आमच्याकडं पंच केलं आणि दुपारी दुसरीकडं इंटरव्ह्यू दिला. आणि तुमची खरी भीती मला माहीत आहे: एकदा कायम केला की हलवता येत नाही. पण याचसाठी तर प्रोबेशन असतं! मुदतीच्या आत साधं 'काम पटलं नाही' म्हणून सोडवणं कायद्यानं सगळ्यांत सोपं आहे. ती मुदत तुम्ही स्वतःच घालवता, मग वर्ष उलटल्यावर तोच माणूस नकोसा झाला की वकिलाची फी भरत बसता. पूर्वी हायकोर्टाचं म्हटलं की महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढावं लागायचं, तेवढ्यानंच गरीब माणूस गप बसायचा. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच, सीपीआर दवाखान्यासमोर आलंय. चालत जाता येतं.

माणूस पारखायला वेळ लागतो म्हणाल, तर आमच्या मोल्डिंगच्या जुन्या मिस्त्रींचं ऐका. त्यांना लिहिता येत नव्हतं. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी ते सँड प्लांटवरून मूठभर वाळू उचलायचे, दाबायचे, त्या लगद्याचे दोन तुकडे करायचे आणि तुटलेली कड बघायचे. कड सरळ तुटली तर वाळू चालेल, भुसभुशीत झाली तर पाणी कमी, बोटांना चिकटली तर जास्त. बहुतेक वेळा लॅब त्यांच्याच मागनं यायची. नव्या पोराचंही ते असंच सांगायचे. "पंधरा दिवस माझ्या हाताखाली द्या, सोळाव्या दिवशी सांगतो." आणि सांगायचेही, त्या पोराच्या तोंडावर: "तुझा हात चांगला हाय, पण तू रॅमिंग करताना घाई करतोस, म्हणून ब्लो होल येत्यात." रॅमिंग म्हणजे साच्यात वाळू ठोकून बसवणं, ब्लो होल म्हणजे ओतीव जॉबात हवेनं पडलेली भोकं. पोरगं आठवड्यात सुधारायचं किंवा स्वतःहून कोअर शॉपला (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथं) बदली मागायचं. त्यांच्या बोलण्याचा कुणाला राग आल्याचं मला आठवत नाही.

त्या मिस्त्रींना कुणी कधी विचारलं नाही, की प्रोबेशनवरच्या अमक्याला कायम करायचा का. फाइल टाइम ऑफिसातून साहेबाकडं जायची, साहेबाकडून परत यायची. ज्यानं पोराला काम करताना बघितलं त्याचा त्या कागदाशी संबंध नाही, आणि ज्याची सही त्यानं पोराला कधी बघितलेलं नाही. याला पारख कशी म्हणायची?

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. महिन्याला अर्धं पान. हाताखाली घेतलेल्या मिस्त्रीनं किंवा सेटरनं सांगायचं, टाइम ऑफिसवाल्यानं लिहायचं: काय जमतं, काय जमत नाही, किती पीस रिजेक्ट गेले, कुणी शिकवलं. ते पोराला वाचून दाखवायचं, त्याची सही घ्यायची. पूर, अपघात, दवाखाना यांचे दिवस वेगळ्या शाईनं. आणि मुदत संपायच्या आठवड्यात एक पत्र. हो किंवा नाही. वाढवायचीच असेल तर एकदाच, कारण लिहून, आणि त्या कारणात पोराच्या हातात असलेली गोष्ट हवी. 'नाही' आलं तर पोरगं रडेल, दोन दिवस घरी बसेल आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गेटवर उभं राहील. वय बावीसचं असेल तोवर त्याला ते जमतं. अठ्ठावीसला जमत नाही.

कोअर शॉपमधल्या बायकांचं तर मी अजून बोललोच नाही. त्यांच्या प्रोबेशनला मुदतच नसते, कारण त्यांना पत्रच नसतं. एक जण पोटुशी असताना, सहाव्या महिन्यात मला येऊन म्हणाली, "दादा, सुट्टी मागितली तर काढतील न्हवं?" तेव्हाच्या प्रसूती लाभ कायद्यात आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरलं की हक्क लागू व्हायचा, प्रोबेशन असो वा नसो. तिचे 80 कधीच भरले होते. मी तिला हे सांगितलं, पण दबक्या आवाजात, दार लावून. ती दुसऱ्या आठवड्यापासून आलीच नाही. मस्टरवर तिच्या नावापुढं 'स्वेच्छेनं सोडून' असं लिहायला लावलं, ते माझ्याच अक्षरात आहे.

एक काम आज करा, मालक. हे पत्र वाचून झालं की टाइम ऑफिसला फोन लावा आणि विचारा, आपल्याकडं प्रोबेशनची तारीख उलटून गेलेले किती जण आहेत. तो म्हणेल, बघून सांगतो. त्याला बघायची गरज नसते. नावं पाठ असतात त्याला, तारखांसकट. लगेच सांग म्हणा.

आपला,
टाइम ऑफिसातला एक जुना माणूस
कोल्हापूर